कोल्हापूरचे पन्नास किलोमीटर

कोल्हापुरात टोलचा विषय काढला की समोरचा माणूस सुरुवात १२ जानेवारी २०१४ पासून करतो. त्या दिवशी शहराच्या वेशीवरचे नाके पेटले. कोण कुठल्या नाक्यावर होता, पोलिसांची गाडी कुठं अडकली, धूर कुठपर्यंत दिसत होता, हे सगळं अजून तिखटमीठ लावून सांगितलं जातं. तालमीच्या कट्ट्यावर तर नाका जाळायला 'मी स्वतः' गेलो होतो असं सांगणारे इतके भेटतात की सगळे खरं बोलत असतील तर नाक्यांवर उभं राहायला जागा उरली नसती.

त्या आगीची गोष्ट मी इथं थोडक्यातच सांगणार आहे. मला तिच्या आधीच्या सहा वर्षांत आणि नंतरच्या दहा वर्षांत जास्त रस आहे. शहरात सुमारे ५० किलोमीटर रस्ते नव्यानं बांधले गेले. ते का बांधले, कुणाच्या पैशानं बांधले, तो पैसा कुणाकडून वसूल करायचं ठरलं, आणि वसुली बंद झाल्यावर त्या रस्त्यांना वाली कोण राहिला, एवढंच तपासायचं आहे.

पैसे नसलेली महापालिका

कोल्हापूर नगरपालिका १८५४ ची. १९७२ च्या डिसेंबरात तिची महापालिका झाली. तेव्हा जी हद्द होती, ती जवळपास ६७ चौरस किलोमीटरची हद्द पुढं पन्नास वर्षं तशीच राहिली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत भरली. पण शहराचे रस्ते वापरणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त. पाचगाव, कळंबा, उचगाव, गांधीनगर, शिरोली, शिये, वडणगे, वाडीपीर या गावांतून रोज सकाळी दूध, भाजी, कामगार आणि कॉलेजची पोरं शहरात येतात आणि संध्याकाळी परत जातात. ही गावं ग्रामपंचायतीत आहेत. घरफाळा तिकडं भरला जातो, रस्ता मात्र इकडचा झिजतो.

यात गाववाल्यांची चूक काढण्यासारखं काही नाही. हद्दीत आलो तर घरफाळा वाढणार, शेतजमिनीवर आरक्षणं पडणार आणि सोयी कधी मिळतील ते देवाला ठाऊक, ही भीती त्यांना आहे. महापालिकेचा कारभार जवळून पाहिलेला माणूस त्या भीतीला खोटी म्हणणार नाही.

त्यातच उत्पन्नाचं मुख्य साधन असलेल्या जकातीला उतरती कळा लागली होती. पुढं तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. म्हणजे २००८ च्या आसपास महापालिकेसमोरचं चित्र असं होतं: वाहनं वाढताहेत, रस्ते खड्ड्यात आहेत, आणि तिजोरीत पगार व पाणीपुरवठ्याचं वीजबिल भागवून फारसं काही शिल्लक राहत नाही.

करार

यावर उत्तर म्हणून एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प आला. कोल्हापूरकरांच्या तोंडी तो 'आयआरडीपी'. ही कल्पना काही कोल्हापुरात जन्मली नव्हती. १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं, मुंबईतले उड्डाणपूल आणि पुणे द्रुतगती मार्ग त्यानं करून दाखवले, आणि मग शहरांतल्या रस्त्यांसाठीही तोच साचा वापरायचं ठरलं. नागपुरात तो आधी राबवला गेला होता. साचा सोपा आहे. पैसा आज सरकारनं घालायचा नाही. कंपनीनं कर्ज काढून बांधायचं, वाहनधारकांकडून टोल घेऊन फेडायचं, मुदत संपली की रस्ता परत द्यायचा. सरकारी भाषेत 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा', बोलीत बीओटी.

२००८ मध्ये करार झाला. एका बाजूला महापालिका आणि रस्ते विकास महामंडळ, दुसऱ्या बाजूला रस्ते बांधून टोल घेणाऱ्या आयआरबी समूहाची या कामासाठीच उभी केलेली कंपनी. सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा आकडा, ३० वर्षांची टोलवसुली आणि शहराच्या वेशीवर ९ नाके. शिवाय कंपनीला टेंबलाईवाडीतली सुमारे ३०,००० चौरस मीटर जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं.

हे आकडे त्या वेळी गुपित नव्हते. सभागृहात विषय आला आणि मंजूर झाला. पण ३० वर्षं म्हणजे काय, हे शहराच्या ध्यानात आलं ते नाक्यांचे खांब उभे राहिल्यावर. २००८ साली जन्मलेलं पोरगं स्वतःची गाडी घेऊन नाक्यावर थांबलं असतं, आणि लग्न होऊन त्याचं पोर शाळेत जायला लागलं तरी पावती फाडतच राहिलं असतं. मंजुरीच्या वेळी हा हिशेब मोठ्यानं मांडणारे थोडे होते. रस्ता गुळगुळीत होणार आणि महापालिकेच्या खिशातून पैसा जाणार नाही, एवढं ऐकून बाकीचे खूश होते. मीही त्यातलाच.

नाके कुठं बसले

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नकाशावर दिसते, आणि तिच्याकडंच सगळ्यात कमी लक्ष गेलं असं मला वाटतं.

महामार्गावरच्या टोलमागं एक तर्क असतो. लांबचा प्रवास आहे, वेळ आणि डिझेल वाचतं, त्यातला थोडा वाटा द्या. द्यायचा नसेल तर जुन्या रस्त्यानं जा. शहराच्या रस्त्याला हा तर्क लागू होत नाही. दसरा चौकातून बिंदू चौकात जाणाऱ्याला दुसरा महामार्ग कुठून देणार? आणि चौकाचौकांत नाका बसवता येत नाही. म्हणून नाके वेशीवर बसले: शिरोली, फुलेवाडी, कळंबा, सरनोबतवाडी, उचगाव अशा सगळ्या तोंडांशी.

आता यातून कोण सुटतो आणि कोण अडकतो ते बघा. राजारामपुरीत राहून लक्ष्मीपुरीत दुकान चालवणारा, दिवसातून चार फेऱ्या मारणारा मोटारवाला नाक्यावरून जातच नाही. नवे रस्ते तो सगळ्यात जास्त वापरतो आणि त्याला एक पैसा पडत नाही. कळंब्याच्या पुढच्या गावातून टेम्पोत भाजी घालून येणारा मात्र अडकतो. गुळाची गाडी घेऊन मार्केट यार्डात येणारा अडकतो. पाचगावात घर आणि शहरात नोकरी असलेला मास्तर अडकतो. शहरात कर न भरणाऱ्या गावांकडून शहराच्या रस्त्याचा खर्च काढायची ही आडवाट होती. सभागृहात आणि गावसभेत जी हद्दवाढ कधी मान्य झाली नाही, तिची किंमत नाक्यावर रोख वसूल होणार होती, तीही गावांना हद्दीत न घेता आणि कुठल्याही सोयी न देता.

असं करण्यामागं कुणी मुद्दाम डाव टाकला असेल असं मला वाटत नाही. नाके वेशीवर बसवणं सोयीचं होतं, म्हणून बसले. पण परिणाम तोच झाला, आणि त्यामुळंच आंदोलन शहरापुरतं न राहता करवीर तालुक्याचं झालं. पेठेतला माणूस आणि गावातला माणूस एरवी हद्दवाढीवरून एकमेकांकडं डोळे वटारून बघतात. इथं ते एकाच मोर्चात चालले.

रस्त्याच्या वरचं आणि खालचं

काम २००९ मध्ये सुरू झालं. काही रस्ते काँक्रीटचे, बाकीचे डांबरी. रुंदीकरण, दुभाजक, फूटपाथ, गटारी, पथदिवे हे सगळं कागदावर एकाच पॅकेजमध्ये होतं. 'एकात्मिक' या शब्दाचा अर्थच तो. आणि वाद पेटला तो याच शब्दावर.

कोल्हापुरात रस्ता टिकत नाही, याला कारण पाणी. पाऊस भरपूर, उताराकडचं सगळं पाणी जयंती नाल्याकडं आणि तिथून पंचगंगेकडं जाणार, आणि गावाच्या बऱ्याच भागात काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पाडते. तिच्यावर भराव नीट न घालता खडी पसरली तर वरचा थर कितीही चांगला असो, दोन पावसांत लाटा उठतात. डांबराचं तर पाण्याशी वैरच. खडीवरचा डांबराचा लेप पाण्यानं सुटतो, वरून चाक जातं, खडी बाजूला उडते. जिथं पाणी साचतं तिथं खड्डा पडतो, हे कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा.

म्हणजे कोल्हापुरात रस्ता बांधायचा तर आधी गटार बांधायची, रस्त्याला मधून दोन्ही बाजूंना उतार द्यायचा, पाण्याची लाईन आणि ड्रेनेजची लाईन कडेला घ्यायची, आणि मग डांबर. हा क्रम उलटा झाला की पैसा पाण्यात, अगदी शब्दशः. टोलविरोधी कृती समितीचा मूळ आक्षेप हाच होता. कामं अर्धवट आहेत, कुठं गटार नाही, कुठं फूटपाथ नाही, कुठं जुन्या जलवाहिन्या रस्त्याच्या पोटातच राहिल्यात, मग काम पूर्ण झालं असं धरून टोल कसा सुरू करता? वाहिन्या हलवायची जबाबदारी कुणाची, यावर कंपनी आणि महापालिका एकमेकांकडं बोट दाखवत होत्या. काही ठिकाणी नवा रस्ता शेजारच्या घरांच्या उंबऱ्यापेक्षा उंच झाला आणि पहिल्याच पावसात पाणी ओसरीत आलं. ते बघितलेल्या माणसाला करारातलं कलम समजावून सांगायची गरज राहिली नाही.

चार वर्षं, पटापट

जानेवारी २०१२ मध्ये शेकापचे एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली प्रचंड मोर्चा निघाला. डावे, उजवे, शिवसैनिक, तालमी, रिक्षा संघटना, महिला मंडळं, वकील, सगळे त्यात होते. 'देणार नाही, टोल देणार नाही' ही घोषणा तेव्हापासूनची. कोल्हापुरात एकदा 'नाही' म्हटलं की मग त्याला मागं वळणं नाही, हे सरकारला कळायला आणखी दोन वर्षं गेली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं वसुलीला स्थगिती दिली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली, जूनमध्ये पावत्या पुन्हा फाटू लागल्या. त्या वर्षी लोकसभा झाली, विधानसभा झाली, राज्यात सरकार बदललं. टोल घालवण्याचं आश्वासन जवळपास प्रत्येक पक्षानं दिलं होतं, आधीच्या आणि नंतरच्या सत्ताधाऱ्यांनीही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड पानसरे यांच्यावर सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी, २० तारखेला, ते गेले. त्या खुनाचा टोलशी संबंध जोडणाऱ्या चर्चा तेव्हा गावात झाल्या. तपास वेगळ्या दिशेनं गेला. पण लढ्यातला सगळ्यात शांत आणि पक्क्या हिशेबाचा माणूस गेला, एवढं खरं.

जून २०१५ मध्ये सरकारनं राज्यातले १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर छोट्या गाड्यांना आणि एसटीला माफी दिली. कोल्हापूरचा प्रश्न समितीकडं गेला. ऑगस्टमध्ये इथली वसुली थांबवण्यात आली आणि डिसेंबरात, नागपूर अधिवेशनात, टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा झाली. गावात साखर वाटली गेली.

फुकट काहीच झालं नाही

टोल रद्द झाला म्हणजे २२० कोटी माफ झाले असं नाही. करार मोडला की भरपाई द्यावी लागते. ती राज्य सरकारनं उचलली. कामाचं मूल्यांकन किती धरायचं यावर समित्या बसल्या, कंपनीचा आकडा वेगळा, शहराचा वेगळा, आणि घासाघीस होऊन अखेर राज्याच्या तिजोरीतून पैसे देऊन हिशेब मिटवायचं ठरलं. म्हणजे कोल्हापूरच्या दुभाजकांचा खर्च गडचिरोलीच्या माणसानंही उचलला. शहर रस्त्यावर उतरू शकतं म्हणून त्याला हे मिळालं. गडचिरोलीला विचारलं कुणी नव्हतं. आंदोलन मला पटलेलं होतं आणि आजही पटतं, पण ही बाजूही त्याच ताळेबंदात लिहावी लागते.

आता एक साधा हिशेब करून बघू. आकडे माझे, केवळ समजण्यापुरते. २२० कोटी रुपये ३० वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे आहेत. खाजगी कंपनीला कर्जाचं व्याज आणि स्वतःचा नफा धरून १२ टक्के परतावा हवा असं समजा. वर्षाचा हप्ता येतो सुमारे २७ कोटी. तेच पैसे सरकारी हमीवर ८ टक्क्यांनी उभे केले तर हप्ता साडेएकोणीस कोटींच्या आसपास. फरक वर्षाला पावणेआठ कोटी. तीस वर्षांचा फरक आजच्या-उद्याच्या रुपयाचं मोल न बघता नुसता बेरजेनं धरला तर सुमारे २३३ कोटी, म्हणजे मूळ प्रकल्पाहून जास्त. यात ९ नाक्यांवर तीन पाळ्यांत माणसं बसवायचा खर्च धरलेला नाही.

'सरकारकडं पैसे नाहीत म्हणून खाजगी' हे वाक्य त्यामुळंच मला कधी पटलं नाही. कंपनीही कर्जच काढते, आणि सरकारपेक्षा महाग काढते. खाजगी कंपनी तेव्हाच परवडते जेव्हा ती रस्ता लवकर, स्वस्तात बांधते आणि तीस वर्षं नीट राखते, इतका की व्याजातला फरक भरून निघावा. वाहतूक कमी झाली तर तोटा तिचा, हीसुद्धा एक अट. महापालिकांना स्वतः कर्ज उभारता येतं हे अहमदाबादनं १९९८ मध्येच रोखे काढून दाखवलं होतं. पुण्यानं २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. कोल्हापूरची पत पुण्याएवढी नाही, मान्य. पण त्यासाठी राज्यानं हमी दिली असती तरी चाललं असतं. शेवटी पैसे राज्यानंच दिले ना? फक्त वाकड्या वाटेनं, सात-आठ वर्षं उशिरा आणि जळालेल्या नाक्यांसकट.

टोल गेल्यानंतर

कराराच्या मुदतीत ते ५० किलोमीटर राखायची जबाबदारी कंपनीची होती. करार गेला, जबाबदारी महापालिकेकडं आली. आणि महापालिका तीच, जिच्याकडं पैसे नव्हते म्हणून करार झाला होता. या वाक्यापाशी २०१६ मध्ये शहरानं थांबायला हवं होतं. आम्ही तेव्हा हद्दवाढीवरून भांडत होतो. टोलच्या मोर्चात खांद्याला खांदा लावलेली शहरातली आणि गावातली माणसं काही महिन्यांतच हद्दवाढीच्या बाजूनं आणि विरोधात मोर्चे काढत होती. तोडगा म्हणून ४२ गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण आलं. हद्द तशीच राहिली, आणि रस्त्याच्या खर्चात गावांचा वाटा किती, या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही.

डांबरी रस्त्यावर साधारण पाच वर्षांनी नवा थर द्यावा लागतो. काँक्रीटला तीस वर्षं म्हणतात, पण सांध्यांतलं सील उखडलं आणि पाणी आत गेलं की पाट्या हलायला लागतात. इथं तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आले. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा इथले रस्ते दिवसच्या दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर वरचं डांबर दिसत होतं, पण खालचा भराव भिजून ढिला झालेला. अशा रस्त्यावर पॅचवर्क करणं म्हणजे फाटक्या पोत्यावर रेशमी ठिगळ.

त्यात खुदाई. अमृत योजनेतल्या जलवाहिन्या, ड्रेनेज, गॅस, फायबर केबल. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोहोचलं आणि कोल्हापूरकरांनी त्याची आंघोळ मोठ्या कौतुकानं केली. पण शहराच्या पोटातली वितरण व्यवस्था बदलायची म्हणजे रस्ता फोडायचाच. चर खणला, पाइप टाकला, माती ढकलली, वर दोन पाट्या खडी. माती थरानं दाबत नेली नाही तर पहिल्या पावसात चर खचतो, आणि बाजूचा चांगला रस्ताही ओढून घेतो. रस्ता खणणारे विभाग वेगवेगळे, डांबर टाकणारा वेगळा, आणि दोघांचं वेळापत्रक एकत्र बसवायचं काम कुणाचंच नाही.

यावर विचारायचं तरी कुणाला? महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच होते. खड्ड्यापाशी उभं करून 'हे बघा' म्हणायला प्रभागाचा नगरसेवकही नव्हता. नगरसेवक असता तर खड्डा बुजला असता असा दावा मी करत नाही, पण निदान दारात जाऊन बोंब मारता आली असती.

सध्या गाजतायत ते नगरोत्थान योजनेतले १०० कोटींचे १६ रस्ते. हा पैसा सरळ आहे: मोठा वाटा राज्याचा, उरलेला महापालिकेचा, नाका नाही, पावती नाही. २००८ मध्ये हेच व्हायला हवं होतं, असं मी म्हणेन. पण या कामातही बघायच्या त्याच गोष्टी आहेत, आणि त्या भूमिपूजनाच्या फलकावर लिहिलेल्या नसतात. गटार डांबराच्या आधी झाली का? चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आहेत का, की रस्ता झाल्यावर ती फोडून वर घेणार? ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड झाला तर त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत, किती वर्षांचा, त्याची अनामत किती अडकवून ठेवली आहे, आणि त्या काळात दुसऱ्या विभागानं रस्ता खणला तर दायित्व कुणाचं? आणि पाच वर्षांनी या १६ रस्त्यांवर नवा थर द्यायचा तर त्यासाठी अंदाजपत्रकात आजपासून वेगळी रक्कम बाजूला पडते का?

हा शेवटचा प्रश्न मी ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांना विचारला होता. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "आबा, नवीन रस्त्याला नारळ फुटतो. जुन्या रस्त्यावर थर टाकायला कोण नारळ फोडायला येतंय?" मग त्यांनी मला अंदाजपत्रकातलं नेमकं पान सांगितलं. नव्या कामांच्या यादीला तिथं दोन पानं दिली होती आणि देखभालीला एक ओळ.